समुद्रप्रवासांतील इंटरनेट

समुद्रापासून शेंकडों कोस दूर, कन्हानच्या खोऱ्यांत वसलेल्या खापरखेड्याच्या शाळेच्या वार्षिकांत पर्यटन-नौकांवरील इंटरनेटाविषयीं लेख कशाला, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. वीजकेंद्राचीं धुराडीं आणि कोळशाच्या खाणी पाहत वाढलेल्या आमच्या मुलांपैकीं पुष्कळांनीं समुद्र अद्यापि पडद्यावरच पाहिला आहे. परंतु काळ झपाट्यानें पालटत आहे. २०१८ च्या ऑक्टोबरांत 'आंग्रिया' ही नौका मुंबईहून प्रवासी घेऊन गोव्यास निघाली. १९९० सालीं बांधलेली 'एम्प्रेस' ही मोठी नौका कॉर्डेलिया कंपनीनें २०२१ च्या सप्टेंबरापासून मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीप यांच्याकडे सोडण्यास आरंभ केला. तेव्हांपासून वसाहतींतील कांहीं कुटुंबें सुटींत अशा प्रवासास जाऊं लागलीं आहेत. आणि आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले दोघे तरुण नागपुरास हॉटेल-व्यवस्थापनाचें शिक्षण घेऊन परदेशी पर्यटन-नौकांवर चाकरीसही लागले आहेत. त्यांच्या आयांस समुद्राची भरती-ओहोटी ठाऊक नसली, तरी नौकेवरील वाय-फाय केव्हां असतें व केव्हां नसतें, हें आतां पक्कें ठाऊक झालें आहे.

गतवर्षीं एका पालकांवर आलेला प्रसंग येथें सांगतों. कंपनीचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. हे गृहस्थ सहकुटुंब चार दिवसांच्या समुद्रप्रवासास गेले होते. निघण्यापूर्वीं त्यांनीं तिघांकरितां इंटरनेटाचा 'अमर्याद' पास पैसे भरून घेतला. घरीं वृद्ध आजीबाई राहिल्या होत्या व शेजाऱ्यांचें त्यांच्याकडे लक्ष होतें. दुसऱ्या रात्रीं आजीबाईंस दम लागला. शेजाऱ्यांनीं त्यांस तत्काळ नागपुरास रुग्णालयांत नेलें. त्या रोज कोणतीं औषधें घेतात, असें डॉक्टरांनीं विचारलें. आणि तीं ठाऊक असलेली सून तर समुद्रावर! शेजाऱ्यांनीं व्हॉट्सअॅपवर पाठविलेला चार शब्दांचा निरोप तिला पोंचला तो तिसऱ्या दिवशीं दुपारीं, किनारा दिसूं लागल्यावर. आजीबाई सुदैवानें बऱ्या झाल्या. परत आल्यावर त्या गृहस्थांनीं पासाचे पैसे परत मागितले. कंपनीकडून उत्तर आलें कीं, 'अमर्याद' म्हणजे कितीही वेळ वापरण्याची मुभा. सेवा अखंड मिळेल, असें आम्हीं कोठेंही म्हटलेलें नाहीं. शब्दार्थाच्या दृष्टीनें उत्तर निर्दोष आहे. व्याकरणाच्या तासाला आम्ही त्यास पूर्ण गुण देऊं. व्यवहाराच्या तासाला मात्र एकही नाहीं.

तथापि सगळा दोष कंपन्यांच्या माथीं मारून मोकळें होणें योग्य नव्हे. जमिनीवर आपला मोबाइल जवळच्या टॉवराशीं बोलतो, आणि तो टॉवर बहुधा जमिनींत पुरलेल्या काचतंतूच्या तारेस जोडलेला असतो. लक्षद्वीपच्या बेटांसही २०२४ च्या जानेवारींत कोचीहून समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या अशा तारेचा लाभ झाला. तोंवर तेथील इंटरनेटाची भिस्त उपग्रहांवर होती. परंतु चालती नौका आपल्यामागें तार ओढीत नेऊं शकत नाहीं. किनारा कांहीं मैल मागें पडला कीं टॉवराची हांक ऐकूं येईनाशी होते आणि आकाशाखेरीज दुसरी वाट उरत नाहीं. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशीं मेळ राखून, एकाच जागीं स्थिर भासणारे उपग्रह आहेत. नौकेवरून निघालेली विचारणा वर जाऊन खालीं यावयाची, आणि उत्तर त्याच वाटेनें परत यावयाचें. म्हणजे सुमारें १,४४,००० किलोमीटरांचा फेरा झाला. प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास ३ लक्ष किलोमीटर या वेगानें गेलें तरी त्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. नवव्या इयत्तेच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. अर्धा सेकंद म्हणजे कांहींच नव्हे असें वाटेल. परंतु इंटरनेटावरील एक पान उघडावयास असे अनेक फेरे पडतात, आणि संभाषणांत तर दोघेही एकदमच बोलूं लागतात व एकदमच गप्प होतात.

अलीकडे सुमारें ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या हजारों लहान उपग्रहांची योजना झाली आहे. स्टारलिंक हें त्यांतील प्रसिद्ध नांव. रॉयल कॅरिबियन या मोठ्या क्रूझ-कंपनीनें ती सेवा आपल्या नौकांवर घेण्याचें २०२२ च्या ऑगस्टांत जाहीर केलें व पाठोपाठ इतरांनींही तोच मार्ग धरला. त्यामुळें विलंब पुष्कळच घटला, यांत शंका नाहीं. परंतु गर्दी घटली नाहीं. २०२४ च्या जानेवारींत पहिल्या सफरीस निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या नौकेवर अधिकांत अधिक ७,६०० प्रवासी व सुमारें २,३५० नोकर राहूं शकतात. जवळजवळ दहा हजारांचें हें गांव! रात्रींचें जेवण आटोपलें कीं त्यांतील निम्मे लोक एकाच वेळीं आपलीं छायाचित्रें आप्तेष्टांस धाडूं लागतात. नळ एकच आणि घागरी हजार, असा तो प्रकार होतो. त्यांत नौकेच्या भिंती पोलादाच्या, त्यामुळें वाय-फाय खोलीच्या दाराशीं असलें तरी पलंगापर्यंत पोंचेलच असें नाहीं. मुसळधार पाऊस उपग्रहाची लहर शोषून घेतो. नौका वळली म्हणजे तिचेंच धुराडें किंवा डोलकाठी कधीं कधीं अँटेनाच्या आड येते.

ही गोष्ट खापरखेड्याच्या वाचकांस समजावून सांगण्यास दृष्टांत शोधीत दूर जावें लागत नाहीं. येथील वीजकेंद्राची स्थापित क्षमता २१० मेगावॉटचे चार संच व ५०० मेगावॉटचा एक संच मिळून १,३४० मेगावॉट होते. पण एखादा संच दुरुस्तीस काढलेला असतो, कधीं पावसाळ्यांत ओला कोळसा येतो, कधीं मागणीच कमी असते. स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतील अंतर येथील साधा कामगारही सांगूं शकेल. क्रूझच्या पत्रकांत छापलेला इंटरनेटाचा वेग ही स्थापित क्षमता होय. प्रवासी पैसे भरतो तो मात्र प्रत्यक्ष निर्मिती समजून. आमचा आक्षेप नेमका येथें आहे. समुद्रावर इंटरनेट मंद असतें, ही निसर्गाची व यंत्राची मर्यादा आहे. तें मंद असतें हें ठाऊक असून तसें ठळक अक्षरांत न सांगणें, ही माणसाची करणी आहे.

जमिनीवर तरी आपण या बाबतींत थोडे पुढें आलों आहों. वीज गेल्यावर ती ठराविक मुदतींत पूर्ववत् न झाल्यास ग्राहकास भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या नियमांत आहे, जरी ती मागणारा ग्राहक विरळाच. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें मोबाइल व ब्रॉडबँड सेवेच्या दर्जाविषयीं २०२४ सालीं नवे नियम केले. समुद्रावर मात्र प्रवाशाच्या हातीं असतें तें तिकिटाच्या मागील बाजूचें बारीक अक्षर. आणि त्यांत इंटरनेटाची हमी नाहीं, एवढीच हमी बहुधा असते.

कोणी म्हणेल कीं, सुटीच्या मौजेंत इंटरनेट नसलें म्हणून काय बिघडलें? उलट बरेंच झालें; मुलें लाटा पाहतील, सूर्यास्त पाहतील, आईबापांशीं दोन शब्द बोलतील. हा युक्तिवाद आम्हांस अंशतः मान्य आहे. समुद्राकडे पाठ करून हातांतील पडदा न्याहाळणारा मुलगा पाहिला म्हणजे आम्हांसही वाईट वाटतें. परंतु स्वखुशीनें बंद ठेवलेला दरवाजा आणि बाहेरून कडी घातलेला दरवाजा यांत भेद आहे. ज्याच्या घरीं म्हातारें माणूस आहे, ज्याच्या मुलीचा परीक्षेचा निकाल त्याच आठवड्यांत लागावयाचा आहे, त्याला चित्रपट नको असतो. चार शब्द जावेत व चार शब्द यावेत, एवढेंच हवें असतें. शिवाय ही फुकट मागितलेली वस्तु नव्हे. पास विकून तिचे पैसे घेतलेले असतात.

समुद्रावरील निरोपांत कोणता आधीं जावा, हा प्रश्न तर इंटरनेटाहून फार जुना आहे. १९१२ च्या एप्रिलांत बुडालेल्या टायटॅनिक नौकेवर मार्कोनी कंपनीचें बिनतारी यंत्र होतें आणि तें चालविणारे दोघे तरुण त्याच कंपनीचे नोकर होते. धनिक प्रवाशांच्या खासगी तारा पाठविणें हें त्यांचें मोठें काम. पहिल्या दहा शब्दांस साडेबारा शिलिंग असा दर होता. अपघातापूर्वीं यंत्र कांहीं तास नादुरुस्त झाल्यामुळें तारांचा ढीग सांचला होता. १४ एप्रिलच्या रात्रीं तो उपसण्याचें काम चालू असतां कॅलिफोर्नियन या नौकेनें बर्फाची सूचना देण्याचा यत्न केला, तेव्हां तिच्या तारवाल्यास मध्येंच गप्प करण्यांत आलें. तो त्या नौकेवरील एकुलता एक तारवाला. थोड्या वेळानें यंत्र बंद करून तो झोपीं गेला. त्यानंतर कांहीं मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळली आणि दीड हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १९१४ सालीं लंडन येथें राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला, त्यांत मोठ्या नौकांवर बिनतारी यंत्रापाशीं अखंड पहारा असावा असें ठरलें. आमच्या महाराष्ट्रानेंही या उणिवेची किंमत मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक लोक बुडाले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबई शहर इतकें जवळ, आणि तरीही तेथें बातमी पोंचावयास कित्येक तास लागले.

येथें पालकांस एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी, नाहींतर या कथा वाचून उगाच धास्ती बसेल. नौकेचा संकटसंदेश प्रवाशांच्या वाय-फायवर मुळींच अवलंबून नसतो. त्याकरितां उपग्रह व रेडिओ यांची स्वतंत्र जागतिक व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणें अंमलांत आहे. तेव्हां मुलाचा फोन दोन दिवस लागला नाहीं म्हणजे नौकेस अपघात झाला, अशी कल्पना करून रात्र जागूं नये.

पण सर्वांत दुर्लक्षित राहतो तो नौकेवरील नोकर. प्रवासी चार दिवसांनीं घरीं येतो. खालच्या मजल्यावरील स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणारा, हे सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरीं येत नाहींत. २०२० च्या फेब्रुवारींत जपानांतील योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' ही नौका करोनाच्या सांथीमुळें अडकून पडली. तीवर ३,७११ माणसें होतीं. त्यांत १३८ भारतीय, आणि त्यांपैकीं १३२ नोकरवर्गांतील. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते. त्यांस अन्न पोंचविणारे मात्र हे नोकर. जपान सरकारनें डॉक्टरांशीं संपर्क साधतां यावा म्हणून नौकेवर सुमारें २,००० आयफोन वांटले. आमच्या देशांतील कांहीं नोकरांनीं मोबाइलवर आपली स्थिति चित्रित करून ती जगापुढें मांडली व सरकारकडे सुटकेची याचना केली. २७ फेब्रुवारी रोजीं एअर इंडियाच्या विमानानें ११९ भारतीय मायदेशीं परतले. त्या दिवसांत नौकेवर इंटरनेट नसतें तर त्यांच्या घरच्यांस केवळ वर्तमानपत्रांतील रुग्णांचे आंकडे वाचीत बसावें लागलें असतें.

समुद्रावरील कामगारांविषयींचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानें २०१५ सालीं मान्य केला. त्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून अंमलांत आल्या; नौकेवरील कामगारांस इंटरनेट मिळावें, आणि त्याचे पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असें त्यांत आतां नमूद आहे. मात्र 'शक्य तेथवर' हे दोन शब्दही सोबत आहेत, आणि या दोन शब्दांतून किती नौका बाहेर पडतील हें पाहावयाचें आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं एकानें मागें सुटींत येऊन सांगितलें कीं, आपण आईस आठवड्यांतून एकदांच फोन करतों. कारण महिन्याच्या पगारांतून इंटरनेटाच्या पासांवर जाणारे पैसे पाहून आपल्यालाच भय वाटतें. ज्या लहरींतून प्रवाशांचे खेळ व चित्रपट वाहतात, त्याच लहरींतून या मुलाच्या आईचें क्षेमकुशल विचारावयाचें असतें, आणि त्याचा दर तो मुलगा भरतो.

यावर आमची सूचना साधी आहे. १८७९ सालीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड सुरू झालें. त्यावर लांबलचक लिहितां येत नसे, आंतील मजकूर टपालवाल्यालाही वाचतां येई; पण गरीब मनुष्यालाही खुशाली कळवितां येऊं लागली, ही त्याची थोरवी. पाकीट, रजिस्टर, तार यांचे दर निराळे होते व ते ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें भरावे. तसेंच एक पोस्टकार्ड नौकेवर असावें: प्रत्येक प्रवाशास व प्रत्येक नोकरास, कांहींही मोल न घेतां, केवळ अक्षरांचा निरोप पाठवितां व घेतां यावा, आणि गर्दीच्या वेळीं चित्रपट थांबवून तो आधीं सोडावा. अक्षरांच्या निरोपास लहरीचा इतका अल्प वांटा लागतो कीं, हजारों माणसांचे निरोप एका चित्रपटाच्या मानानें किरकोळ ठरतील. बाकीच्या मौजेचे पैसे कंपनीनें खुशाल घ्यावेत. फक्त काल व परवां सेवा प्रत्यक्ष किती तास चालू होती, तें रोज सकाळीं भोजनगृहाच्या दाराशीं लावावें. वादळ, पाऊस, हद्द यांमुळें बंद राहिली असेल तर तसेंही लिहावें. प्रवासी वाटतात तितके अविचारी नसतात.

हद्दीचा उल्लेख वर आला, त्याविषयीं दोन शब्द. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारें २२ किलोमीटरांपर्यंत, त्या त्या देशाचा अंमल असतो. खोल समुद्रावर उत्तम चालणारी उपग्रहसेवा तेथें परवाना नसल्यास बंद ठेवावी लागते. भारत सरकारनें विमान व नौका यांवरील दळणवळणाचे नियम २०१८ च्या डिसेंबरांत केले, आणि २०१९ मध्यें टाटा समूहांतील नेल्को कंपनीनें त्यांखालीं नौकांस सेवा देण्यास आरंभ केला. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना २०२५ च्या जूनमध्यें मिळाला. म्हणजे मार्ग मोकळा होत आहे, पण सावकाश.

येत्या सुटींत जे पालक अशा प्रवासास जाणार असतील, त्यांनीं तिकीट काढतांनाच लेखी विचारावें कीं पास कोणत्या दिवशीं व कोणत्या भागांत चालेल, एका पासावर किती मोबाइल जोडतां येतील, आणि सेवा बंद राहिल्यास पैसे परत मिळतील कीं नाहीं. जाहिरात एक व सेवा दुसरीच निघाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. त्या वेळीं हें लेखी उत्तर उपयोगीं पडतें. नौका किनारा सोडतांच मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून मगच वाय-फाय चालू करावें; कारण कित्येक नौकांवर स्वतःचा लहान टॉवर असतो, मोबाइल न विचारतां त्यास चिकटतो, आणि घरीं आल्यावर जें बिल येतें तें साध्या रोमिंगच्या हिशेबांत बसत नाहीं. तिकिटें, औषधांच्या चिठ्ठ्या व ओळखपत्रें मोबाइलमध्यें आधींच उतरवून ठेवावीं. घरीं राहणाऱ्या वडील माणसांच्या औषधांची यादी शेजाऱ्यांपाशीं द्यावी. आणि नौका कोणत्या दिवशीं किती वाजतां बंदरांत असेल, तें एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, निघण्यापूर्वीं आजीआजोबांच्या पलंगाजवळच्या भिंतीवर लावून जावें.